घरच्या ओल्या कचऱ्यावरचे बायोगॅस संयंत्र: बांधणी, भरण आणि सांभाळ

घरगुती बायोगॅस संयंत्र बसवण्याचे काम एका जाणत्या प्लंबरच्या मदतीने दोन दिवसांत उरकता येते, परंतु टाकीतले जे सूक्ष्मजीव प्रत्यक्षात गॅस तयार करतात त्यांची वसाहत नीट रुजायला दीड-दोन महिने लागतात. उत्साहाने बसवलेली संयंत्रे पुष्कळदा या दोन मुदतींमधल्या अंतरातच बंद पडतात. टाकी उभी राहिली म्हणजे संयंत्र तयार झाले असे समजून घरातले लोक पहिल्याच आठवड्यात बादलीभर खरकटे ओततात, आतले मिश्रण आंबते, वास सुटतो, गॅस पेटत नाही आणि मग ती टाकी अंगणात अडगळ होऊन पडते. म्हणून या लेखात टाकी कशी बसवावी हे सांगताना आत काय घडते यावरही तितकाच भर दिला आहे, कारण आतली प्रक्रिया समजली की बांधणीतल्या प्रत्येक पाइपचे आणि रोजच्या प्रत्येक नियमाचे कारण आपोआप कळते.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस मिळवण्याची सोय केल्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे गोबरगॅस संयंत्र विकसित केले, खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगावी नेले, आणि पुढे १९८४ मध्ये विटांच्या स्थिर घुमटाचे, स्वस्त असे दीनबंधू संयंत्र आले. ही सारी संयंत्रे शेणावर चालणारी, म्हणजे गोठा असलेल्या घरासाठी होती. गोठा नसलेल्या घरासाठी वेगळा विचार पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी केला. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्यांपासून बनवलेल्या आणि खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या संयंत्रासाठी संस्थेला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पुढील वर्णन याच प्रकारच्या संयंत्राचे आहे.

कर्वे यांच्या विचाराचे मूळ अगदी साध्या निरीक्षणात आहे. गायीच्या पोटातही मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. गायीने चारा खाल्ला की त्यातला सहज पचणारा भाग तिच्या पोटातच संपतो आणि शेणातून बाहेर पडतो तो न पचलेला, चिवट भाग. गोबरगॅस संयंत्रात आपण हा उरलेला चोथा पुन्हा पचवायला घेतो, म्हणून त्याला सुमारे ४० दिवस लागतात आणि साधारण २५ किलो शेणामागे १ घनमीटर गॅस मिळतो. रोज २५ किलो शेण आणि तेवढेच पाणी असे ५० लिटर मिश्रण ४० दिवस टाकीत राहायचे असेल, तर २००० लिटरची टाकी लागते. याउलट शिळा भात, पोळीचे तुकडे, पिकून गळलेली केळी, गिरणीत सांडलेले पीठ यांतला पिष्टमय आणि गोड भाग अजून कोणीही पचवलेला नसतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ किलो कोरड्या पिष्टापासून जास्तीत जास्त सुमारे ८०० लिटर बायोगॅस निघू शकतो, आणि त्याचे विघटन काही दिवसांतच होते. त्यामुळे टाकी लहान चालते. शेणाचा उपयोग येथे खाद्य म्हणून नसून विरजण म्हणून आहे.

टाकीच्या आत काय घडते

हवा नसलेल्या जागी अन्न कुजताना कामाची वाटणी झालेली असते. सूक्ष्मजीवांचा पहिला गट पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे मोठे रेणू तोडून पाण्यात विरघळतील असे लहान करतो. दुसरा गट त्या लहान रेणूंपासून आम्ले बनवतो, आणि ती पुढे मुख्यतः ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, तसेच हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड या रूपांत येतात. शेवटचा गट यांचे मिथेन करतो. हा शेवटचा गट जिवाणूंपेक्षा वेगळ्या, आर्किया नावाच्या प्राचीन जीवसमूहातला आहे आणि प्राणवायू त्याला विषासमान असतो. तयार होणाऱ्या गॅसमध्ये साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि अगदी अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो.

सगळी मेख या गटांच्या वेगात आहे. आम्ल बनवणारे सूक्ष्मजीव काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेन बनवणाऱ्यांना दुप्पट व्हायला दिवसच्या दिवस लागतात. अन्न अचानक जास्त पडले की आम्ल बनवणारे झपाट्याने वाढून आम्लाचा साठा करतात, मिथेन बनवणाऱ्यांना ते आम्ल तितक्या वेगाने संपवता येत नाही आणि मिश्रणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; आम्ल वाढले की तो उतरतो) खाली येऊ लागतो. मिथेनकारकांना सामू ७ च्या आसपास, म्हणजे ६.८ ते ७.५ असा लागतो; तो ६.५ च्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते, आम्ल आणखी साचते आणि सामू आणखी घसरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. बायोगॅसच्या टाकीला किती आणि कधी खाऊ घालायचे हे ठरवण्याचा अधिकार, थोडक्यात, तिच्यातल्या सर्वांत संथ कामगाराकडे असतो.

किती गॅसची अपेक्षा ठेवावी

या बाबतीत विक्रेत्यांच्या जाहिराती फार सैल बोलतात, म्हणून हिशेब स्वतः मांडून पाहावा. २ किलो शिळ्या भातात पाणी वजा जाता जेमतेम ६०० ग्रॅम कोरडा पदार्थ असतो. भाजीच्या देठांत आणि सालींत त्याहून कितीतरी कमी, कारण त्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. त्यामुळे २ किलो मिश्र ओल्या कचऱ्यापासून दिवसाला २०० ते ३५० लिटर गॅस मिळाला तर संयंत्र उत्तम चालले आहे असे समजावे. लहान बर्नर तासाला सुमारे ३०० लिटर गॅस खातो, म्हणजे शेगडी पाऊण ते एक तास चालेल. १ घनमीटर बायोगॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचे काम करतो. त्या मानाने रोजचे ३०० लिटर म्हणजे महिन्याला ४ किलो एलपीजीची बचत, आणि १४.२ किलोचा एक सिलिंडर साडेतीन महिन्यांनी वाचला असा अर्थ होतो. चहा, दूध, सकाळची एखादी भाजी एवढे यात निभते, सगळा स्वयंपाक नाही. शिवाय चौघांच्या घरात रोज २ किलो योग्य कचरा निघतोच असे नाही; शेजारच्या दोन घरांचे खरकटे, पिठाच्या गिरणीतली झाडलोट किंवा फळविक्रेत्याकडची नासकी फळे यांची सोय आधी पक्की करून मगच टाक्या विकत घ्याव्यात.

बांधणी

१००० लिटर आणि ७५० लिटर अशा दोन प्लॅस्टिकच्या टाक्या लागतात. दुकानातच लहान टाकी मोठीत उतरवून पाहावी. ती मोकळेपणाने वरखाली झाली पाहिजे, पण दोहोंमधली फट सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटरहून फार मोठीही नसावी, कारण त्या उघड्या फटीतून निसटणारा गॅस वाया जातो आणि वासही तेथूनच येतो. दोन्ही टाक्यांचा वरचा निमुळता भाग करवतीने कापून टाकावा आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करावी. मोठी टाकी उघडे तोंड वर करून ठेवायची आणि लहान टाकी तिच्यात उपडी घालायची. लहान टाकीचा तळ आता छप्पर होतो आणि गॅस त्याच्याखाली साठतो. गॅस वाढला की हे झाकण वर उचलले जाते आणि वापरला की खाली बसते, त्यामुळे आत किती गॅस आहे हे लांबूनच दिसते. गॅस फारच साठला तर तो झाकणाच्या खालच्या कडेतून बुडबुड्यांनी निघून जातो, म्हणून या रचनेत टाकी फुटण्याइतका दाब कधीच निर्माण होत नाही. घरगुती वापरासाठी मला ही रचना घुमटाच्या संयंत्रापेक्षा अधिक पसंत आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

मोठ्या टाकीला तीन छिद्रे पाडावी लागतात. खाद्य घालण्याचा पाइप किमान ७५ मिलिमीटरचा आणि शक्यतो ११० मिलिमीटरचा घ्यावा. तो टाकीच्या तळाजवळ आत शिरतो आणि बाहेरून एल्बोने वळून टाकीच्या काठापेक्षा उंच जातो, जेणेकरून ओतलेले अन्न थेट तळाशी पोहोचेल आणि त्याच्याबरोबर हवा आत जाणार नाही. त्याच्या समोरच्या बाजूला, काठापासून सुमारे वीतभर खाली, स्लरी, म्हणजे पचून उरलेले पातळ मिश्रण, बाहेर पडण्याचा पाइप बसवावा. तिसरे छिद्र अगदी तळाशी, गाळ काढण्याच्या व्हॉल्व्हसाठी. सर्व जोड टँक निपल (टाकीच्या छिद्रात बसणारा आट्यांचा जोड) आणि दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावून करावेत. केवळ एम-सीलवर भरवसा ठेवला तर टाकी भरल्यावर प्लॅस्टिक थोडे फुगते आणि जोड गळू लागतो. लहान टाकीच्या छपराला मध्यभागी अर्धा इंची निपल व बॉल व्हॉल्व्ह बसवून तेथून लवचिक नळी न्यावी. शेण घालण्यापूर्वी साध्या पाण्याने टाकी भरून एक दिवस ठेवावी, झाकणात हवा कोंडून जोडांवर साबणाचा फेस लावावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे.

जागा निवडताना वजन विसरू नये. भरलेली टाकी सुमारे एक टनाची होते, म्हणून ती जमिनीवर, पक्क्या आणि सपाट ओट्यावर ठेवावी. गच्चीवर ठेवायची असल्यास इमारतीच्या बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय ठेवू नये.

दाबाचा मुद्दा पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षित राहतो आणि मग ‘गॅस आहे पण शेगडी जळत नाही’ अशी तक्रार येते. गॅसचा दाब झाकणाच्या वजनातून येतो. झाकणाच्या दर चौरस मीटरवर १०० किलो भार असला की १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब मिळतो. ७५० लिटरच्या टाकीचे छप्पर साधारण ०.७ चौरस मीटर आणि वजन १५-२० किलो असते, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाने जेमतेम अडीच सेंटिमीटर दाब येतो. शेगडीला ७-८ सेंटिमीटर हवा असल्याने छपरावर आणखी ३५ ते ४० किलो भार ठेवावा लागतो. विटा किंवा वाळूच्या पिशव्या कडेने सारख्या मांडाव्यात, अन्यथा झाकण तिरपे होऊन अडकते. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरले आणि एक टोक गॅसच्या नळीला जोडले, तर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजेच दाब. हे उपकरण घरी मिनिटभरात तयार होते.

विरजण आणि पहिले दोन महिने

दोनशे किलोच्या आसपास ताजे शेण, त्यातला चारा, खडे आणि माती काढून, पाण्यात पातळ कालवून टाकीत घालावे आणि स्लरीच्या पाइपापर्यंत पाण्याने भरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते रात्रभर उघडे ठेवून वापरावे. जवळपास एखादे चालू गोबरगॅस संयंत्र असेल तर तेथली चार-पाच बादल्या स्लरी आणावी; त्यातली तयार वसाहत कित्येक दिवस वाचवते. यानंतर काहीही न घालता वाट पाहायची. आठवड्या-दोन आठवड्यांत झाकण उचलले जाते, परंतु हा पहिला गॅस पेटवू नये. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि आत राहिलेली हवाही असते, आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळलेला असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. पहिल्या एक-दोन वेळचा गॅस आसपास विस्तव नसताना मोकळ्या हवेत सोडून द्यावा. नंतरच्या गॅसची चाचणी शेगडीवरच करावी, टाकीच्या व्हॉल्व्हपाशी काडी कधीही लावू नये. ज्योत निळी आणि स्थिर जळू लागली म्हणजे मिथेनकारक कामाला लागले.

तेव्हाच खाद्य सुरू करायचे, तेही रोज १००-२०० ग्रॅमपासून. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत महिनाभराने दीड-दोन किलोवर यावे. अन्न मिक्सरमधून किंवा खलबत्त्यात बारीक करून पाण्यात कालवून घालावे. बारीक कणांवर सूक्ष्मजीवांना काम करायला जास्त पृष्ठभाग मिळतो. कालवायला नवे पाणी घेण्याऐवजी बाहेर पडलेलीच स्लरी वापरली तर वसाहतीतले सूक्ष्मजीव वाया जात नाहीत आणि पाणीही वाचते, जे दुष्काळी भागात महत्त्वाचे आहे. एकदम सकाळी सगळे घालण्यापेक्षा दोन वेळा विभागून घालणे चांगले.

लिंबू, संत्री, मोसंबी यांच्या सालींतले तेल या सूक्ष्मजीवांना मारक असते, म्हणून त्या टाळाव्यात. कांद्या-लसणाची टरफले, अंड्यांची कवचे, हाडे, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या यांच्यापासून गॅस मिळत नाही, केवळ गाळ आणि तवंग वाढतो. भांड्यांच्या साबणाचे पाणी आणि खारट लोणचे अजिबात नको. तळणाचे तेल उष्मांकांनी समृद्ध असले तरी जास्त झाल्यास आम्लाचा लोट येतो.

बिघडल्याची लक्षणे

झाकण वर येते पण गॅस पेटत नाही आणि स्लरीला आंबूस वास येतो, तर मिश्रण आंबले आहे. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात, त्यांची एक पुडी घरात ठेवावी. उपाय उपासाचा आहे: खाद्य पूर्ण बंद ठेवायचे, चुन्याची निवळी थोडी थोडी करून घालायची, एक-दोन बादल्या शेणकाला घालायचा आणि सामू ७ वर येईपर्यंत थांबायचे. त्या काळात ‘थोडेसे घालून पाहू’ हा मोह टाळणे सर्वांत अवघड जाते, परंतु संयंत्र वाचते ते त्यानेच.

झाकणच वर येत नसेल तर गळती शोधावी किंवा थंडीचा विचार करावा. या सूक्ष्मजीवांना ३० ते ३८ अंश सेल्सियस तापमान मानवते, १५ अंशांखाली त्यांचे काम फार मंद होते. कोकणात आणि गोव्यात वर्षभर अडचण येत नाही. नाशिक, पुणे किंवा मराठवाड्याच्या थंड रात्रींत मात्र गॅस अर्ध्यावर येऊ शकतो. काळी टाकी उन्हात ठेवणे, भोवती पेंढ्याचे किंवा गोणपाटाचे आवरण देणे आणि खाद्य कोमट पाण्यात कालवणे यांनी बराच फरक पडतो, पण डिसेंबरात खाद्यही त्या मानाने कमी करावे. विदर्भातल्या मे महिन्यात उलट सावलीची गरज असते.

शेगडी, नळी आणि सुरक्षितता

एलपीजीची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. एलपीजी सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने अगदी बारीक जेटमधून येतो आणि त्याला स्वतःच्या चोवीस-पंचवीस पट हवा लागते. बायोगॅसचा दाब कमी, आणि त्याला सहापटीहूनही कमी हवा पुरते. म्हणून जेटचे छिद्र मोठे आणि हवेची खिडकी बरीच बंद करावी लागते. जुनी शेगडी बदलून घेता येते, परंतु बायोगॅससाठीच बनवलेला प्रमाणित बर्नर घेणे अधिक बरे.

गॅसमधली वाफ नळीत थंड होऊन पाणी बनते आणि नळी तुंबते, म्हणून नळीला सलग उतार द्यावा, सर्वांत खालच्या जागी ‘टी’ जोडून पाणी काढण्याचा व्हॉल्व्ह ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तो उघडावा. हायड्रोजन सल्फाइडमुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पितळी भाग खराब होतात. गंजलेल्या लोखंडी किसाने भरलेल्या पाइपच्या तुकड्यातून गॅस नेला तर त्यातला हायड्रोजन सल्फाइड बराच शोषला जातो. स्वयंपाकघरात खिडकी उघडी असावी, आणि वास आला तर आधी टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, विजेचे बटण दाबू नये. हा गॅस सिलिंडरमध्ये कोंबून भरण्याचे घरगुती प्रयोग जीवघेणे आहेत. ते कोणीही करू नयेत. मोठ्या गोबरगॅसच्या खड्ड्यात सफाईसाठी उतरणेही तितकेच घातक आहे, कारण तेथे प्राणवायू नसतो आणि तीव्र हायड्रोजन सल्फाइडने नाकाची वास घेण्याची शक्तीच आधी जाते. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही अशाच वेळी दगावतो.

शौचालय जोडण्याची कल्पना अनेकांच्या मनात येते. देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राचे मोलाचे काम उभे केले, ज्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मात्र तशा संयंत्राची रचना मुळातच त्यासाठी केलेली असते. वर सांगितलेल्या उघड्या फटीच्या प्लॅस्टिक टाकीला शौचालय जोडू नये, कारण स्लरीतून रोगजंतू बाहेर येतील.

उरला प्रश्न स्लरीचा. अन्नातला कार्बन गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश जवळजवळ सगळे द्रवात राहतात, आणि नत्राचा काही भाग झाडांना लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात येतो. म्हणूनच ही स्लरी कुंड्यांना थेट न घालता तीन-चारपट पाणी मिसळून मुळांशी द्यावी, पानांवर नाही. परसात केळी, अळू किंवा शेवगा असेल तर सारी स्लरी तेथेच जिरते. दोन टाक्यांमधल्या फटीत पावसाळ्यात डास अंडी घालतात, तेव्हा तेथे बारीक जाळीची पट्टी बसवावी. आणि वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर पण थंडी सुरू होण्याआधी, तळाचा व्हॉल्व्ह उघडून चार-पाच बादल्या गाळ काढावा, टाकी संपूर्ण रिकामी मात्र करू नये.